दोन का तीन?

"दोन-तीनदा दिवा लुकलुकतो, काका, आणि मग ढिम्म."

"दोन का तीन?"

"तेच की. दोन-तीनदा."

"अरे बाबा, दोन, का तीन?"

"आता मी काय त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसलो होतो? लुकलुकला, पाहिलं, बटण दाबलं, दोन शिव्या हासडल्या आणि इकडे आलो."

"शिव्या बऱ्या मोजल्यास. गिऱ्हाईकाचे कान किती कापतोस रे तू? एक-दोन?"

सलूनवाला हसला. "कानांचं माहीत नाही, पण केसांचं म्हणाल तर माणूस म्हणतो थोडे कापा, मी थोडे कापतो. आजवर भांडण नाही झालं."

"ज्याचे जास्त कापलेस तो परत कशाला येतोय भांडायला? ती पाटी वाच."

पाटी दारातच होती, येणाऱ्याच्या कपाळाला लागेल अशी. 'आकडा नीट सांगावा. दोन-तीन, चार-पाच, पाच-पंचवीस इथे चालणार नाही.' सलूनवाल्याने ती मोठ्याने वाचली आणि मान हलवली.

"घरी जा," दुकानदार म्हणाला. "प्लग काढ. दहापर्यंत मोज. प्लग लाव, बटण दाब आणि पहिल्या लुकलुकीपासून मोज. मधूनच सुरू करायचं नाही."

"मधून मोजलं तर काय होतं?"

दुकानदाराने मान खाली घातली आणि समोरच्या मशीनचा स्क्रू फिरवायला लागला. उत्तर दिलं ते काउंटरवरच्या त्याच्या बायकोने. "मधून मोजलं की चांगलं मशीन मरतं. पाठ झालंय मला. जा तू, मोजून ये."

या दुकानदाराला सगळे मोजणीदार म्हणत. जमिनीची मोजणी करणारा, साखळी घेऊन बांधावर फिरणारा, तो नव्हे. हा लॅपटॉपचे दिवे मोजायचा. लॅपटॉप आतून आजारी पडला की पडद्यावर काही उमटत नाही, तिथे नुसता काळोख. पण बटणाच्या शेजारी मोहरीएवढा एक दिवा असतो. जीव जाता जाता मशीन तेवढ्यावरून सांगत राहतं, मला काय झालंय ते. दोनदा लुकलुकायचं, जरा थांबायचं, मग चारदा. किंवा आधी तीन, मग एक. मग जरा जास्त थांबायचं आणि पुन्हा तेच रडगाणं पहिल्यापासून. कोणत्या जोडीचा अर्थ काय, ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. त्या सगळ्यांचे तक्ते मोजणीदाराने भिंतीवर चिकटवले होते, पण त्याला बघायची गरज पडत नसे. तो दिव्यापुढे बसायचा, ओठ हलायचे, उजव्या हाताचं बोट बाकावर टकटक करायचं. तेवढा वेळ त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. बायकोसुद्धा नाही.

आपली बोली तशी सैल नाडीची. दोन-चार दिवसांनी ये म्हणायचं, पाच-सात माणसं होती म्हणायचं. आकडा सांगितल्यासारखं करायचं आणि सोडून द्यायचा. त्यात कोणाचं काही बिघडत नाही. मोजणीदाराचं मात्र टाळकं सरकायचं. बायको भाजी घ्यायला निघाली आणि म्हणाली, "दोन-तीन मिनिटांत आले," की हा म्हणायचा, "दोनमध्ये ये नाहीतर तीनमध्ये." लोकांना वाटायचं, धंद्याची खोड आहे, दिवे मोजून मोजून अंगात भिनलीय. पाटीवर तर अख्खी गल्ली हसायची.

खोड धंद्याची नव्हती. धंद्याच्या आधीची होती.

दुकान म्हणजे एकच लांब खोली. पुढे काउंटर, तिथे बायको. आलेल्या मशीनवर चिठ्ठी चिकटवायची, चार्जर त्याच्याच वायरीने बांधायचा, माणसाचं ऐकून घ्यायचं, हे तिचं. मध्ये मोजणीदाराचा बाक, त्यावर वाकलेला दिवा. मागच्या कोपऱ्यात बायकोचं शिलाई मशीन. त्याच्यावर जाड चादर आणि चादरीवर मेलेले लॅपटॉप, एकावर एक रचलेले. तेवीस वर्षांत त्या मशीनचं चाक फिरलं नव्हतं. नवीन माणसाने विचारलं, "काकू, तुम्ही शिवता वाटतं?" की ती म्हणायची, "शिवत होते." पुढे बोलायची नाही.

सलूनवाला गेला आणि थोड्या वेळाने दारात एक पोरगी आली. सातवा महिना लागलेला, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिने एक पातळ, राखाडी लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला. झाकणाच्या कोपऱ्यावर नखाएवढा टवका उडालेला होता.

काउंटरवरच्या बाईने त्या टवक्यावर बोट ठेवलं. "अगं बाई! हे तर आक्काचं!"

मागे मोजणीदाराचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"मी तिची भाची," पोरगी म्हणाली. "तिची खोली रिकामी करत होते. कपाटात सापडलं. काका, इथे दाखवलं होतं ना तिने?"

"दाखवलं होतं," मोजणीदार म्हणाला. "बोर्ड गेलाय त्याचा."

"ते माहीत आहे मला. पण परत एकदा बघाल का?"

आक्का म्हणजे दाई. सरकारी दवाखान्यातली नर्स होती, पण सगळे दाईच म्हणायचे, कारण आजूबाजूची निम्मीअधिक पोरं तिच्याच हातात पडलेली. एकतीस वर्षांत केलेलं प्रत्येक बाळंतपण तिने वहीत लिहून ठेवलं होतं. किती वाजता कळा सुरू झाल्या, पोर डोक्याने आलं का पायाने, बाई काय ओरडली. वह्यांना वाळवी लागली तेव्हा तिने हा लॅपटॉप घेतला आणि एकेक वही एका बोटाने टाइप करत बसली. वही टाइप झाली की चुलीत. म्हणायची, वाळवीला घालण्यापेक्षा आंघोळीचं पाणी तापेल. म्हणजे जे काही होतं ते त्या मशीनमध्ये, दुसरीकडे कुठेच नाही.

सहा वर्षांपूर्वी मशीन बंद पडलं, तेव्हा ती स्वतः घेऊन आली होती. "दोन-तीन देतंय बघ," म्हणाली. मोजणीदाराने पाटीकडे बोट केलं. आक्का म्हणाली, "मी आयुष्यभर कळा मोजल्यात आणि ठोके मोजलेत. मला नको पाट्या दाखवूस. दोन-तीन देतंय."

बायकोने मशीन बाकावर ठेवून प्लग लावला, बटण दाबलं. मोजणीदार पाणी प्यायला आत गेला होता. आला तेव्हा दिवा आधीच बोलायला लागलेला. प्लग काढून पुन्हा लावायचा, हा नियम त्याचाच. त्याने काढला नाही. उभ्या उभ्या मोजलं. तीन. थांबला. दोन. थांबला. पुन्हा तीन.

तीन-दोन म्हणजे मुख्य बोर्ड गेला. मशीन पातळ, सगळी साठवण बोर्डालाच डाग देऊन बसवलेली. बोर्ड गेला की आतलं सगळं गेलं.

"नीट मोजलंस ना?" आक्काने विचारलं होतं. "मला दोन-तीन दिसलं म्हणून विचारते."

"आक्का, दिवे वाचायचं काम माझं."

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग मशीन पिशवीत घातलं आणि गेली. दोन वर्षांनी ती वारली. तोवर ते तिच्या कपाटातच पडून होतं.

त्याच संध्याकाळी मोजणीदार जेवायला बसला होता आणि मोरीतला नळ गळत होता. टप टप. टप टप टप. त्याच्या हातातला घास तसाच राहिला. तीननंतर दिवा किती वेळ थांबला होता आणि दोननंतर किती? तीननंतर जास्त थांबला होता. म्हणजे तीनवर संपत होतं. म्हणजे सुरुवात दोनपासून. दोन-तीन. आणि त्या मशीनच्या तक्त्यात दोन-तीन म्हणजे मेमरीची सुटी पट्टी सापडत नाही. पट्टी काढायची, घासायची, परत बसवायची. पाच मिनिटांचं काम. आक्काने जे सांगितलं होतं तोच आकडा होता. तिने सैल सांगितलं नव्हतं. यानेच सैल ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं होतं. नाही गेला. आठवड्याने ती रस्त्यात समोरून येताना दिसली, तर हा पानाच्या टपरीआड झाला. नळाला नवा वायसर बसवला, नळ गळायचा थांबला, पण मग घड्याळ तसं वाजायला लागलं. शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. दोन. थोड्या वेळाने तीन. रस्त्याने जाणाऱ्या टेम्पोचा इंडिकेटर तोच आकडा द्यायचा. आक्काच्या मयतीला गेला तर मागे उभा राहिला, आणि पुढे कोणीतरी हुंदके देत होतं तेही त्याने मोजले.

पण खरं जे खात होतं ते वेगळंच. चूक झाली, याचं काही नव्हतं. चुका कोणाच्या होत नाहीत? आपण प्लग का काढला नाही, हे त्याला कळत नव्हतं. शेकडो मशीनचा काढला, एकाचाच नाही. आणि त्या एकात त्याचं स्वतःचं पान होतं.

तेवीस वर्षांपूर्वी तो टीव्ही दुरुस्त करायचा. बायको पहिलटकरीण, आक्काच्या दवाखान्यात. सकाळी अकराला शेजारच्या दुकानातल्या फोनवर आक्काचा निरोप आला. अडकलंय जरा, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, दोन-तीन तासांत गाडी घेऊन ये. दुकानाची व्हॅन दाराशी उभी होती. पण बाकावर एक टीव्ही उघडून ठेवलेला, पाठीमागचं सगळं बाहेर काढलेलं. त्याने मनात हिशेब केला. तीन तास म्हणजे दोनपर्यंत. हा जोडून टाकू आणि निघू. तो पोचला सव्वादोनला. तेही दवाखान्यात नाही, वाटेवरच. आक्का आणि त्याची बायको रिक्षात, बाळंतपण तिथेच झालेलं. मुलगा होता. रडला नाही.

बायकोने विचारलं, "उशीर का झाला?" तो म्हणाला, "वाटेत गाडी बंद पडली." लोक म्हणाले, बघा, दुनियेची दुरुस्ती करतो आणि स्वतःची गाडी अशा वेळी दगा देते. बायकोने मात्र गाडीला दोष दिला नाही. त्या दिवशी सकाळी तिने शिलाई मशीन एका भिंतीपासून उचलून दुसऱ्या भिंतीला नेलं होतं. त्यानेच झालं, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं. आक्काने लाख सांगितलं. ऐकलं नाही. मशीनवर चादर घातली. पुढे मूल झालं नाही, आणि चादर निघाली नाही.

खरं दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि आक्काला. तो टीव्ही जोडूनच निघाला, हे फोन घेणाऱ्या शेजाऱ्याने तिला सांगितलं होतं. आक्का कुठे बोलली नाही. पण लिहायची सवय होती तिला.

आता ते मशीन पुन्हा काउंटरवर होतं.

"माझ्या आईला माझ्या वेळी खूप त्रास झाला होता म्हणे," पोरगी सांगत होती. "दवाखान्यात सारखं विचारतात, आईला काय झालं होतं, रक्त किती गेलं, आधी कोणाला असं झालंय का. आई तर नाही. आक्काही नाही. कोणाला विचारू? तिने लिहिलं असेल यात. तेवढं एक पान मिळालं तरी खूप झालं काका."

"बस की गं आधी," मोजणीदाराच्या बायकोने स्टूल पुढे सरकवलं. मग लॅपटॉप उचलून स्वतः बाकावर नेऊन ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "अहो, आपलंही असेल यात."

"असेल."

"उघडलं तर वाचता येईल."

चार्जर बायकोनेच जोडला, बटण दाबलं, सवयीने, आणि दिवा बोलायला लागला. मोजणीदार दिव्याकडे बघत राहिला. पुन्हा तेच. पहिली फेरी न मोजताच निघून गेली, आता कुठूनही मोजावं. तीन-दोन म्हणायला आजही कोणी अडवणार नव्हतं. सहा वर्षांपूर्वी म्हटलं तेच आज म्हटलं तर खोटं सुद्धा वाटलं नसतं, एक आकडा दुसऱ्याला जुळला असता. स्टुलावर ती पोरगी पोटावर हात ठेवून बसली होती आणि त्याच्या ओठांकडे बघत होती.

त्याने प्लग काढला.

दहापर्यंत मोजलं, मोठ्याने. प्लग लावला. बटण दाबलं. बोट बाकावर टेकवलं.

"किती?" बायकोने विचारलं. मोजताना कोणी बोलायचं नाही हे ती विसरली होती.

"दोन," तो म्हणाला. बोट थांबलं, मग पुन्हा टकटकलं. "तीन."

"दोन-तीन?" बायको हसली. "घ्या! आता ती पाटी काढा तुम्ही."

"दोन. मग तीन. बोर्ड गेलेला नाही."

"मग तेव्हा?"

"तेव्हा मी मधून मोजलं."

बायकोचं हसू जरा ओसरलं, पण तिने ते मनावर घेतलं नाही. पोरीला म्हणाली, "बघ, हाच माणूस लोकांना पाट्या लावून शिकवतो."

खालचे स्क्रू काढून त्याने ते झाकणात ठेवले. प्लास्टिकच्या पट्टीने कड उचकटली. आत सहा वर्षांची धूळ, आणि एक केस, लांब, पांढरा. तो त्याने चिमट्याने उचलला, कुठे टाकावा सुचेना, म्हणून कागदावर ठेवला. मेमरीची पट्टी सोडवली. ड्रॉवरमधून शाळेतल्या पोरांचं असतं तसलं गुलाबी खोडरबर काढलं आणि पट्टीचे सोनेरी दात एकेक करून घासले, वरून खाली, वरून खाली. काळा चुरा पडला. फुंकला. पट्टी खाचेत दाबली, दोन्हीकडच्या कड्या कट्ट करून बसल्या.

बटण दाबलं. दिवा एकदा लागला आणि लागलेलाच राहिला. पडदा उजळला.

घड्याळ भलतंच साल दाखवत होतं, आक्का जिवंत होती त्याच्याही फार आधीचं. मग पासवर्ड. पोरगी पुढे झाली. "मला माहितीये. माझ्या जन्माची वेळ ठेवली होती तिने." बोटांनी चार आकडे दाबले, आणि उघडलं.

एकतीस फायली, एकतीस वर्षांच्या. पोरीने स्वतःचं साल उघडलं, खाली खाली गेली, सापडलं. मोठ्याने वाचायला लागली. 'मुलगी. पायाळू. आईला रक्तस्राव, दोन बाटल्या दिल्या. गर्भपिशवी उशिरा आवळली. बहीण असून मला तीन शिव्या घातल्या, मोजल्यात. पुढच्या वेळी मोठ्याच दवाखान्यात.' पोरगी हसली, मग डोळे पुसले, मग मोबाइलने त्या पानाचा फोटो काढला. दोनदा.

"झालं ना काम," मोजणीदार म्हणाला. "जा आता, उन्हाच्या आत घरी पोच."

"थांब गं," बायको म्हणाली. "आमचं बघ ना. तेवीस वर्षांपूर्वीचं. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"तिला घाई असेल अगं."

"मला कुठली घाई काकू," पोरगी म्हणाली, आणि दुसरी फाइल उघडली.

मोजणीदार बाकाला टेकून उभा होता. पंख्याचं एक पातं फिरताना कशाला तरी घासत होतं. तो मोजू लागला, आणि मोजायचा थांबला.

"हे बघा. 'पहिलटकरीण, वय चोवीस.' तुम्हीच ना काकू? 'पहाटेपासून कळा. अकराला ठोके एकशे चाळीस. पोर पुढे सरकत नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. नवऱ्याला निरोप दिला, दोन-तीन तासांत गाडी आण. एकला ठोके शंभर. दीडला ऐंशी. गाडी नाही. रिक्षा मिळवली. सव्वादोनला गाडी वाटेत भेटली. मुलगा. रडला नाही. नाळेचे गळ्याभोवती दोन वेढे.'" पोरीचा आवाज बारीक झाला. "राहू दे का काकू?"

"पुढे वाच."

"'आईने काही केलेलं नाही. ती शिलाई मशीनचं बोलते, त्याचा काही संबंध नाही. नवऱ्याने गाडी बंद पडल्याचं सांगितलंय. मी काही बोलले नाही. चूक माझी. एकला यायला हवा होता तर दोन तास म्हणायचं होतं. मी दोन-तीन म्हणाले, त्याने तीन ऐकलं. दोन-तीन हा आकडाच नव्हे. यापुढे कोणालाही एकच आकडा सांगायचा.'"

एवढंच होतं. त्याखाली दुसऱ्या दिवसाची जुळी.

पोरगी उठली. तिला काय कळलं आणि काय नाही कोण जाणे, पण तिने झाकण मिटलं, चार्जर गुंडाळला, मशीन पिशवीत घातलं आणि म्हणाली, "येते काकू." काकूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दाराची पायरी उतरेपर्यंत तिचा दंड धरून ठेवला. मग आत आली.

"निरोप कधी मिळाला?"

"अकराला."

"निघालात कधी?"

"पावणेदोनला."

"गाडी कुठे बंद पडली होती?"

पंखा घासत होता.

"नव्हती पडली," तो म्हणाला.

"काय करत होतात?"

"एक टीव्ही होता. उघडून ठेवलेला. म्हटलं, तीन तास आहेत, जोडून टाकू."

"जोडला?"

"जोडला."

तिने मान हलवली. गिऱ्हाईकाने मशीन कसं पडलं ते सांगितलं की हलवायची, तशीच.

"आक्काने स्वतःवर घेतलं," ती म्हणाली. "मी माझ्यावर घेतलं. तुम्ही गाडीवर घातलंत."

"सांगणार होतो मी."

"कधी? दोन-तीन वर्षांत?"

त्याला वाटलं, आता ती रडेल, ओरडेल, काहीतरी फेकेल. तिने तसलं काही केलं नाही. मागच्या कोपऱ्यात गेली. चादरीवरच्या ढिगातला वरचा लॅपटॉप उचलला, आणून त्याच्या बाकावर ठेवला. परत गेली. दुसरा आणला. तिसरा. सगळे मेलेले, कोणाचा पडदा फुटलेला, कोणाच्या कळा उडालेल्या. बाक भरला तशी ती उरलेले त्याच्या स्टुलावर ठेवायला लागली. तो बाजूला सरकला.

"हे तुमचं," ती म्हणाली. "ठेवा कुठे ठेवायचं ते. माझ्या मशीनवर नाही."

एकूण चौदा निघाले. चौदावा उचलल्यावर तिने चादर ओढली. तेवीस वर्षांची धूळ वर उठली आणि दोघांनाही ठसका लागला. खाली मशीन होतं, काळं, चाकाला गंज धरलेला. सुईत अजून दोरा होता, पांढरा, पिवळा पडलेला. बारीक कापडाचा एक तुकडा सुईजवळच्या दाबपट्टीखाली अडकलेला, अर्धा शिवलेला. तिने चाकावर हात ठेवून जोर केला. हललं नाही. पुन्हा जोर केला. कुरकुरलं आणि थोडं फिरलं.

"तेल आहे का?" तिने विचारलं. 'अहो' म्हटलं नाही.

त्याने ड्रॉवरमधून तेलाची छोटी बाटली काढून पुढे केली. तिने ती त्याच्या हातातून घेतली नाही. "तिथे ठेवा," म्हणाली. त्याने मशीनच्या फळीवर ठेवली. मग तिने उचलली.

तेवढ्यात दारात सलूनवाला. काखेत लॅपटॉप, चेहऱ्यावर पोर पास झाल्याचा आनंद.

"काका! आणलं. अगदी सांगितलं तसं मोजलं. बायकोलाही शेजारी बसवून मोजायला लावलं." मग त्याला ती धूळ दिसली, बाकावरचा ढीग दिसला. "आज साफसफाई काय?"

मोजणीदाराने तोंड उघडलं, पण विचारलं मागून, शिलाई मशीनपाशी वाकलेल्या बाईने, मान वर न करता.

"किती?"

"चार, काकू."

"चार का चार-पाच?"

"चार! देवाशपथ चार. पुढे नुसता अंधार."

"मग त्यांना सांग. मोजतील ते."

मोजणीदाराने बाकावरचे चार मेलेले लॅपटॉप उचलून जमिनीवर ठेवले, तेवढी जागा केली. सलूनवाल्याचं मशीन समोर घेतलं. सलूनवाल्याने तोवर घाईने चार्जर जोडला होता, तो ओढून काढला. दहापर्यंत मोजलं. मागे तेलाचा थेंब पडला असावा, चाक एकदा फिरलं, अडलं, पुन्हा फिरलं. त्याने तिकडे पाहिलं नाही. प्लग लावला, बटण दाबलं आणि बोट बाकावर टेकवून दिव्याकडे डोळे लावले.

"एक," तो म्हणाला.